कूमने पाठवलेलं लाकूड

घर तापवायला कोणतं लाकूड घ्यावं, हा प्रश्न मी ऑगस्टमध्ये कुंपणापाशी उभं राहून मोठ्याने विचारला, ही माझी पहिली चूक. आमच्या गल्लीत कुणाच्या आजाराविषयी विचारलं तर दोन वाक्यांत आटपतं. लाकडाविषयी विचारलं की लोक बसायला खुर्ची मागवतात.

"बुक्वा घ्या, मास्तर. डोळे मिटून बुक्वा," शेजारचे मिलुतिन म्हणाले. बुक्वा म्हणजे आमच्या डोंगरांतलं खानदानी जळण. जड, घट्ट, सावकाश जळणारं.

"बुक्वा?" समोरच्या खिडकीतून रोसांदाबाईंचं डोकं बाहेर आलं. "बुक्वा घेतात ती कालची पोरं. घराला ऊब पाहिजे तर ओक. आमचे हे होते तोवर ओकशिवाय काही जळलं नाही आमच्याकडे."

"म्हणूनच लवकर गेले," मिलुतिन पुटपुटले, पण गल्ली अरुंद आहे. त्यानंतर कितीतरी दिवस ती दोघं एकमेकांशी बोलत नव्हती, आणि दोघांनीही मला स्वतंत्रपणे गाठून हे सगळं माझ्यामुळे झालं असं सांगितलं.

तुम्हाला वाटेल, एवढी कसली काळजी? सांगतो. माझी मुलगी नेवेना जुलैमध्ये बाळंत झाली. मुलगी, दुन्या नाव. जावई जर्मनीत ट्रक चालवतो, तो वसंतापर्यंत यायचा नाही. म्हणजे तान्ह्या पोरीला घेऊन नेवेनाने हिवाळा काढायचा तो एक तर आमच्याकडे, नाहीतर नोवी सादला सासरी. आणि नोवी सादला आमचे व्याही स्वेतोझार यांच्या फ्लॅटमध्ये प्रत्येक खिडकीखाली रेडिएटर आहे. तिथे जानेवारीत माणसं बनियनवर बसतात. हे मला व्याह्यांनी स्वतः सांगितलंय, न विचारता, प्रत्येक भेटीत. आमच्या घरात विजेचा एक जुना हीटर होता. तो गेल्या हिवाळ्यात मोठा आवाज करून वारला आणि जाताना अर्ध्या गल्लीची वीज घेऊन गेला. म्हणून मी लाकडावर चालणारी लोखंडी चूल आणली.

नेवेना फोनवर म्हणाली, "बाबा, मला तुमच्याकडेच राहायचंय. पण आत्ता नुसतं हो म्हणणार नाही. स्लावाला येते, बघते. दुन्याची खोली गरम असेल तर राहीन. नाहीतर सासूबाई तिला उचलून न्यायला टपल्याच आहेत."

स्लावा म्हणजे आमच्या घराण्याच्या संताचा, संत मिखाईलचा दिवस, नोव्हेंबरातला. त्या दिवशी कुणाला बोलवायचं नसतं. ज्याला यायचं तो येतो, आणि सगळे येतात. म्हणजे माझी परीक्षा सगळ्या गावासमोर होणार होती. मी भूगोलाचा मास्तर. सायबेरिया शिकवण्यात माझा जन्म गेला. पण सायबेरिया आपल्या मधल्या खोलीत येऊन बसेल असं कधी वाटलं नव्हतं.

शेवटी मी बुक्वाच घ्यायचं ठरवलं. आमच्या शाळेच्या कामगार संघटनेमार्फत हप्त्यांवर चांगली, वाळलेली बुक्वा मिळते. सही करायला निघालो आणि वाटेत रादिसावकडे कॉफीला थांबलो. ही दुसरी चूक, आणि हिच्यापुढे पहिली काहीच नाही.

रादिसाव माझा कूम. लग्नात जो साक्षीला उभा राहतो, पोरांना नाव देतो, तो कूम. आमच्याकडे सख्ख्या भावाशी कोर्टात भांडता येतं. कूमशी घरातसुद्धा भांडता येत नाही. आम्ही शाळेत एका बाकावर बसून एकमेकांना चिमटे काढलेले, पण तो कूम झाला त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना "तुम्ही" म्हणतो. त्याची बायको वारली, मुलगा ऑस्ट्रियात असतो, आणि गावाबाहेरच्या घरात हा एकटाच राहतो. मी सहज बोलून गेलो की संघटनेचं लाकूड घेतोय.

रादिसावने कप खाली ठेवला. "काय म्हणालात?"

"म्हणजे, कूम, उगाच तुम्हाला त्रास—"

"त्रास? तुमच्या लग्नात बूट चावत असताना दिवसभर उभा कोण होता? मी. नेवेनाचं नाव कुणी ठेवलं? मी. आणि दुन्याला ऊब कोण देणार? संघटना!" त्याचे कान लाल झाले होते. "लाकूड मी पाठवतो. पैशांचा विषय काढलात तर ह्या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवू नका."

घरी आल्यावर बायकोने, स्तामेंकाने, एकच प्रश्न विचारला. "कोणतं लाकूड?"

"ते कसं विचारणार? कूम आहे."

"मग मी विचारू?"

"तू विचारलंस तर जास्तच वाईट दिसेल."

"म्हणजे माझी नात कशावर तापणार हे विचारायची सोय नाही," ती म्हणाली, आणि मिरच्या भाजायला निघून गेली. सप्टेंबरात आमच्याकडच्या बायका आधीच मिरच्यांच्या धुराने रडवेल्या असतात, त्यामुळे ती रागाने रडत होती की मिरचीने ते मला समजलं नाही.

आता इथे आमची एक पद्धत सांगितली पाहिजे, कारण सगळा घात तिनेच केला. कूमने काही पाठवलं की माल उतरवायच्या आधी फाटकातच राकिया, म्हणजे घरी गाळलेली फळांची दारू, ओतायची. आणि प्याला उचलून, वस्तू न बघता, तिची स्तुती करायची. बघून स्तुती केली तर ती तपासणी झाली. रादिसाव ट्रॅक्टरवाल्याच्या शेजारी बसून आला, मागे ट्रॉलीवर ताडपत्री. मी प्याला उचलला. गल्ली बघत होती म्हणून जरा चढलोच. म्हणालो, "ह्या गल्लीने आजवर असं लाकूड पाहिलेलं नाही!" आणि मग ताडपत्री निघाली, ट्रॉली कलली, आणि माझा शब्द खरा झाला.

पॉपलर. गुबगुबीत, पांढरी, ओली खोडं. पॉपलर आमच्या मोरावा नदीच्या काठी वाढतं, भराभर वाढतं, आणि नुसतं पाणी पिऊन वाढतं. त्याच्या आगपेटीच्या काड्या करतात. बोटाच्या पेराएवढा तुकडाही कुणी ऊब म्हणून जाळत नाही. फुटपाथवर ढीग पडला आणि त्याच्याखालून चक्क पाण्याचा ओघळ गटाराकडे निघाला. मिलुतिननी टोपी काढली, जशी अंत्ययात्रा जाताना काढतात तशी. रोसांदाबाईंनी खिडकी लावून घेतली, पण पडदा उघडा ठेवला.

"कसंय?" रादिसावने विचारलं. माझ्याकडे न बघता विचारलं, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"पांढरंशुभ्र आहे," मी म्हणालो. एवढंच सुचलं, आणि ते खोटंही नव्हतं.

दोनच दिवसांत नगरपालिकेचा माणूस आला. फुटपाथ अडवायला परवाना लागतो म्हणे. मी पालिकेत गेलो. खिडकीमागच्या बाई कॉफी ढवळत होत्या.

"काय ठेवलंय फुटपाथवर?"

"लाकूड."

"कोणतं?"

मी मागे बघितलं. रांगेत नेमका रादिसावचा चुलत भाऊ. "कूमने दिलेलं," मी म्हणालो.

"अहो, ही काय लाकडाची जात झाली? कठीण की मऊ?"

"मध्यम."

"मध्यम नसतं."

"आमच्या फुटपाथवर आहे."

त्यांनी मला शिक्क्यासाठी वरच्या मजल्यावर पाठवलं, वरच्यांनी खाली, आणि मध्ये जेवणाची सुट्टी झाली. परवाना हातात पडला तोवर सगळं लाकूड अंगणात गेलं होतं. बाईंनी मला बजावलं की परवाना घेऊन फुटपाथ रिकामा ठेवणं हेही नियमात बसत नाही. मी माफी मागितली. कशाबद्दल, ते मला आजही सांगता येणार नाही.

लाकूड कापायला गल्लोगल्ली फिरणारं करवतीचं यंत्र येतं, त्याला बोलावलं. कापताना भुसा उडायचा, तर थुंकी उडाल्यासारखं पाणी उडत होतं. यंत्रवाला रेनकोट घालून बसला. सगळी गल्ली आता मदतीला धावली, म्हणजे सल्ले घेऊन. कुणी म्हणालं साल वर करून रचा, कुणी म्हणालं साल खाली. मिलुतिन म्हणाले, "उन्हात ठेवा, मास्तर, दोन उन्हाळ्यांत वाळेल." तोवर दुन्या चालायला लागली असती.

ऑक्टोबरात पहिल्यांदा चूल पेटवली. पॉपलर आधी सुसकारे टाकायला लागलं, मग टोकांतून फेस आला, मग धूर. धुराड्यातून जायचा सोडून तो खोलीत आला आणि घरचाच असल्यासारखा फिरायला लागला. खिडक्या उघडाव्या लागल्या. खोली पेटवण्याआधी जेवढी गार होती त्याहून गार झाली. स्तामेंका हातमोजे घालून भाजी चिरत होती.

"दोब्रिवोये," ती म्हणाली. ती मला पूर्ण नावाने हाक मारते तेव्हा मी उभा राहतो. "संत मिखाईल येतोय. त्याच्यामागून तुझे व्याही येतायत. तू काय करणार आहेस ते मला सांगू नकोस, पण कर."

मी बुक्वा मागवली. चोरून. प्रश्न एवढाच होता की गल्लीत ती उतरवायची कधी. रविवारी दुपारी आमच्याकडे घरोघरी सूप वाढतात, आणि गरम सूप टाकून कुणी खिडकीशी जात नाही. नेमकी ती वेळ मी साधली. ट्रॅक्टरवाल्याला इंजिन बंद करून उतारावरून गडगडत यायला सांगितलं. मागच्या शेडमध्ये भिंतीला लागून बुक्वा, आणि तिच्यापुढे पॉपलरची जाड भिंत, अशी मी स्वतः रचली. कंबर गेली, पण रचना देखणी झाली. आत गेलो तर फोन वाजत होता.

"मास्तर, बुक्वा छान आहे," रोसांदाबाई म्हणाल्या. "काळजी करू नका, मी रादिसावना एक शब्द बोलणार नाही. मिलुतिननाही मी तसंच सांगितलंय."

म्हणजे सगळ्या गल्लीला माहीत झालं होतं, आणि सगळ्या गल्लीने तोंड मिटायची शपथ घेतली होती. ह्याहून भयंकर अवस्था नाही. एखादा माणूस फुटेल ह्याची भीती वेगळी, आणि आख्खी गल्ली फुटेल ह्याची वेगळी. दुकानात कुणी "काय मास्तर, ऊब आहे ना?" असं विचारलं तरी मी सुटे पैसे न घेताच बाहेर पडायचो. माणसाने कूमला दुखावलं की त्याच्या घराचं भलं होत नाही, असं माझी आई म्हणायची. मी विज्ञानाच्या बाजूचा माणूस, पण घरात तान्हं पोर येणार असताना विज्ञान पुरत नाही.

आणि त्यातच रादिसाव रोज यायला लागला.

पूर्वी रविवारी यायचा. आता रोज, दुपार कलली की फाटक वाजायचं. आपलं लाकूड कसं जळतंय ते बघायला येतोय हे उघड होतं. मग आमची धावपळ. चुलीत बुक्वेचे निखारे मस्त फुललेले असायचे. स्तामेंका चिमट्याने पेटते ओंडके बादलीत काढून मागच्या ओट्यावर न्यायची, मी दोन ओली पॉपलरं आत कोंबायचो आणि दार उघडायला जायचो. रादिसाव कोट न काढता चुलीजवळची खुर्ची घ्यायचा, हात पुढे करायचा. चूल सुसकारे टाकायची.

"जळतंय," तो म्हणायचा.

"उत्तम जळतंय, कूम," मी म्हणायचो.

आणि तो बसून राहायचा. कॉफी संपली तरी बसून राहायचा. एवढी बारीक तपासणी मी शाळेत इन्स्पेक्टरचीही पाहिली नाही. तो गेला की स्तामेंका म्हणायची, "हा माणूस आला की घर गार पडतं," आणि पुन्हा बुक्वा घालायची.

स्लावाचा दिवस उजाडला तो बर्फ घेऊन. पहाटेपासून स्तामेंकाने बुक्वा घालून खोली अशी तापवली की नेवेना आत आली आणि तिने थेट कोट काढला. मला वाटलं, जिंकलो. दुन्याचे गाल लाल. मग व्याही आले, विहीणबाई आल्या. व्याह्यांनी भेट आणली होती: भिंतीवर लावायचा तापमापक. आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने, खिळा ठोकून, संत मिखाईलच्या तसबिरीशेजारी लावला.

"सहज," ते म्हणाले. "पोरीसाठी. आमच्याकडे लागत नाही, रेडिएटर आपोआप सांभाळतात."

मग गल्ली आली. आणि मग रादिसाव आला. स्लावाला कूमची जागा मानाची, आणि ह्या घरात मानाची जागा चुलीशेजारी. तो चुलीच्या तोंडाशी बसल्यावर बुक्वा कशी घालणार? स्तामेंकाने माझ्याकडे बघितलं. मी तसबिरीकडे बघितलं. तिने टोपलीतून पॉपलर उचललं.

पुढचा तास मी विसरायचा प्रयत्न करतोय. धूर आला. सारमा, कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा, आला, त्याच्यावरही धूर. लोक एकेक करून कोट घालायला लागले आणि प्रत्येक जण कोट घालताना "काय छान ऊब आहे" असं म्हणत होता. पाहुणे यजमानाची तोंडदेखली स्तुती करणारच, पण तापमापकाला हे वळण कुणी लावलेलं नव्हतं. सगळे संताचं दर्शन घ्यायच्या निमित्ताने त्याच्याकडे बघून यायचे. दुन्या खोकली. एकदा. मग पुन्हा. नेवेनाने तिला शालीत गुंडाळलं आणि माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता. वाईट वाटत होतं तिला माझ्यासाठी. राग परवडला असता.

विहीणबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "नेवेना, गाडीत जागा आहे. पाळणाही मावेल."

तेवढ्यात पाद्री आले, त्यामुळे सगळे उभे राहिले. पाद्री आणि यजमान मिळून स्लावाचा पाव हातात धरतात, तो फिरवतात, त्यावर वाइन ओततात, स्तोत्र म्हणतात. तो पाव हातात असताना यजमानाने सोडायचा नसतो. मी पाव धरला, आम्ही फिरवायला लागलो, आणि रादिसाव टोपलीत वाकून बघत म्हणाला, "लाकूड संपलं. मी आणतो शेडमधून."

"कूम, थांबा!" मी म्हणालो. पाद्रींनी माझ्याकडे रोखून बघितलं आणि स्तोत्राचा आवाज वाढवला. पाव फिरत होता, त्याच्याबरोबर मी फिरत होतो. एका फेरीत खिडकी दिसली, रादिसाव अंगण ओलांडत होता. दुसऱ्या फेरीत शेडचं दार उघडं दिसलं. तिसऱ्या फेरीला पॉपलरची भिंत कोसळल्याचा आवाज आला. मिलुतिननी डोळे मिटले. मी देवाला म्हणालो, दुन्या नोवी सादला जाऊ दे, रेडिएटरखाली वाढू दे, पण हा आत्ता जो माणूस आत येईल त्याचा चेहरा मला बघायला लावू नकोस.

रादिसाव आला. दोन्ही हातांत छातीपर्यंत बुक्वा. तो चुलीपाशी गेला, पॉपलरचे ओंडके काढून बादलीत टाकले, बुक्वा आत रचली, झडप नीट केली आणि कमरेवर हात ठेवून वळला.

"मास्तरांना भूगोल येतो, लाकूड रचता येत नाही," तो खोलीभर ऐकू जाईल असं म्हणाला. "माझं चांगलं लाकूड ठेवलंय मागे, आणि कचरा पुढे."

मग मिलुतिन म्हणाले, "रादिसावांचंच लाकूड ते! लांबूनच कळतं!"

"मी तर ट्रॉलीतून उतरतानाच म्हटलं होतं," रोसांदाबाई म्हणाल्या, "की असं लाकूड रादिसावांकडेच." सगळ्या गल्लीने साक्ष दिली. ज्यांनी ती बुक्वा रविवारी सूप टाकून उतरताना पाहिली होती, त्यांनी सगळ्यांत जोरात दिली.

बुक्वा धडाडली. एकेकाचा कोट उतरला. व्याही तापमापकाजवळ गेले, चष्मा पुसला, परत बघितलं आणि गप्प जाऊन सारमा खायला लागले. नेवेनाने आधी दुन्याची शाल काढली, मग टोपी, मग लोकरीचे मोजे. उघडी पावलं हातात धरून बघितली.

"आई," ती विहीणबाईंना म्हणाली, "आम्ही वसंतापर्यंत इथेच राहू."

रादिसाव निघाला तेव्हा मी त्याच्यामागे फाटकापर्यंत गेलो. बर्फ पडत होता आणि माझ्या अंगात नुसता शर्ट होता. कशी सुरुवात करावी कळेना.

"कूम, ती बुक्वा... मला तुम्हाला दुखवायचं नव्हतं."

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "तुमच्या धुराड्यातून धूर कसा निघतो ते वळणावरूनच दिसतं. ऑक्टोबरपासून माहीत होतं."

"मग रोज तपासायला का येत होतात?"

तो टोपीवरचा बर्फ झाडत राहिला. "डोंगरावरची बुक्वा मुलाने विकली, गेल्याच वर्षी. नदीकाठची पॉपलरं तेवढी राहिली. तुम्ही संघटनेचं नाव काढलंत आणि माझ्या तोंडून निघून गेलं. मग शब्द मागे कसा घेणार? घरी मीही तेच जाळतो. जळत नाही, तुम्हाला माहीतच आहे. तुमच्याकडे दुपारी बुक्वा असायची, म्हणून यायचो. हात शेकायला. आणि मी फाटक उघडलं की तुम्ही..."

मला बादली आठवली, चिमटा आठवला, आणि मोठ्या मानाने त्याच्यापुढे आम्ही रोज केलेला तो ओला धूर आठवला.

"मला एकदा सांगायचं तरी होतंत!"

"तुम्ही सांगितलंत?"

मी त्याची बाही धरली. तो म्हणाला, अंधार पडतोय, जाऊ द्या. मी सोडलं नाही, ओढतच आत आणलं आणि पुन्हा त्याच खुर्चीवर बसवलं. स्तामेंकाने आमच्या तोंडांकडे बघितलं आणि काही न विचारता चुलीत बुक्वेचे दोन ओंडके घातले. त्याने कोट काढला. ह्या घरात ह्या हिवाळ्यात पहिल्यांदा. नेवेनाने दुन्याला त्याच्या मांडीवर ठेवलं, आणि पाहुणे गात असताना, प्याले वाजत असताना, आमचा कूम तोंड उघडं टाकून बसल्या बसल्या झोपी गेला. त्याला कुणी उठवलं नाही.